वाईट दिवसाच्या मापाची बाग

गिरगाव, दादर, परळ भागातल्या कितीतरी जुन्या इमारतींत नळाला पाणी येतं ते पहाटे. आमवाताच्या माणसाची बोटं सगळ्यात जास्त आखडलेली असतात तीही त्याच वेळी. सकाळचा हा ताठरपणा तासभर टिकतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे बादली भरायची ती मूठ वळत नसताना, आणि मूठ वळायला लागते तेव्हा नळ कोरडा. झाडांमुळे मन कसं प्रसन्न राहतं यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. दिवाळी अंकांतून तर जास्तच. पण दुखणं अंगाशी बाळगून या भागात झाडं लावणाऱ्याची पहिली गाठ प्रसन्नतेशी पडत नाही. ती पडते नळाची वेळ, कुंडीचं वजन आणि गॅलरीचा हक्क यांच्याशी.

आधी 'स्वतः' म्हणजे काय ते पाहू. मोठी कुंडी हलवायला वर्षातून दोनदा शेजारच्या मुलाचा हात लागला म्हणून बाग परकी होत नाही. पण रोजचं पाणी सुनेच्या सवडीवर, खत मुलाच्या रविवारवर आणि वाळकी पानं काढणं कामाच्या बाईच्या मर्जीवर राहिलं, तर दारातली बागही आपली उरत नाही. रोज होणारं काम कुणाला हाक न मारता पार पडलं पाहिजे, एवढीच स्वतंत्रपणाची अट मी धरतो. ही अट पाळायची तर बागेचं माप आपल्या चांगल्या दिवसावरून घेऊन चालत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. औषध लागू पडलेलं असतं, जानेवारी-फेब्रुवारीची हवा असते, भायखळ्याला राणीच्या बागेत महापालिकेचं झाडा-फुलांचं वार्षिक प्रदर्शन पाहून झालेलं असतं, आणि घरी डझनभर रोपं येतात. मग एप्रिल उजाडतो, सांधे सुजतात किंवा दम लागायला लागतो, आणि ती रोपं डोळ्यांदेखत वाळतात. आजारी माणसाला ते वाळणं जरा जास्तच लागतं.

बागकामानं प्रकृतीला नेमका किती फायदा होतो, याचे आकडे दाव्यांच्या मानानं साधे आहेत. सगळ्यात जास्त सांगितला जातो तो रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्या त्यांनी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. यात कुणी मातीत हात घातला नव्हता, हे मात्र सांगताना गळतं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तीस बागकऱ्यांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास बागेत पाठवलं आणि निम्म्यांना वाचत बसवलं. ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, बागेत जास्त उतरलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमधून आलेला अभ्यास जास्त काटेकोर होता. २९१ माणसं, काहींना सार्वजनिक बागेत वाफा मिळाला, काहींना थांबायला सांगितलं. वाफा मिळालेल्यांच्या आहारात रोजचा तंतुमय भाग दीडेक ग्रॅमनं वाढला आणि हालचाल दिवसाला पाचेक मिनिटांनी. फायदा खरा आहे, पण तो बेतानंच आहे. बागेनं संधिवात जात नाही, साखर उतरवण्यासाठी ती गोळीच्या जागी चालत नाही. आजारी माणसाला दिवसभर दुसऱ्यांचे निर्णय ऐकावे लागतात: काय खायचं, कधी झोपायचं, कुठे जायचं नाही. कुंडीपुरता का होईना, निर्णय त्याचा राहतो. माझ्या मते ही बाजू कुठल्याही संप्रेरकापेक्षा मोठी आहे, पण ती मोजायची फूटपट्टी अजून निघालेली नाही.

या विचाराला परळमध्येच एक जुना पत्ता आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून मुंबईत आल्या आणि कमला निंबकर झाल्या. १९५० मध्ये केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. दोन वर्षांनी या शास्त्राची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्या धडपडीमुळे. हाताचा व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा ज्या कामाला काही अर्थ आहे ते काम करताना हात चालावा, असा या शास्त्राचा गाभा. बागकाम त्यात सहज बसतं. कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर पुढे फलटणला शेतीसंशोधनात रमले. आईचं आणि मुलाचं क्षेत्र एकमेकांना इतकं लागून असावं, याची मला नेहमी गंमत वाटते. पण केईएमच्या आजच्या गर्दीत व्यवसायोपचारकाला एका रुग्णामागे जेवढी मिनिटं मिळतात त्यात बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, जिना चढणं एवढंच जेमतेम मावतं. कुंडीची पाळी येत नाही. रुग्णानं आपणहून 'मला झाडांना पाणी घालता यायला हवं' असं सांगितलं, तर मात्र हाच माणूस पकड कशी बदलायची, बसायची उंची किती ठेवायची हे दाखवू शकतो. हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही हे ज्ञान १९५५ पासून आहे. तिथे जाऊन कृत्रिम पाय आणि कुबड्या मागणारे पुष्कळ. खुरप्याची मूठ मागणारा विरळा.

दुखणेकऱ्यानं माती कसण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण अर्थातच आनंदवन. १९५० च्या आसपास वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताई मूठभर कुष्ठरुग्णांना घेऊन राहायला गेले. झडलेल्या बोटांनी त्या माणसांनी विहीर खणली, धान्य आणि भाजी पिकवली. ती भाजी विकत घ्यायला गावातले लोक सुरुवातीला कचरत होते. पुढे खुद्द बाबांचा कणा असा गेला की त्यांना बसता येईना. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच उरलं. आनंदवनाकडे आपण श्रमाचं महाकाव्य म्हणून पाहतो. मुंबईतल्या गॅलरीला त्यातून घेण्यासारखी गोष्ट बरीच लहान आणि व्यवहाराची आहे. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते, त्यामुळे फोड आला, काच लागली तरी कळत नाही. जे स्पर्शानं कळायला हवं ते डोळ्यांनी तपासावं लागतं. लालबाग-परळमध्ये आज कुष्ठरोगी फार नाहीत, पण मधुमेहानं तळपायाची संवेदना गेलेले घरोघरी आहेत. अनवाणी गच्चीवर जायचं नाही, काम झालं की पावलं आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहायच्या. मुंबईच्या नॅब या संस्थेनं गुजरातेत फणसा इथे अंधांसाठी शेतीचं शिक्षण देणारं केंद्र चालवलं, त्यातही तर्क हाच, फक्त उलट्या बाजूनं: डोळ्यांचं काम हातांना, नाकाला शिकवायचं. दृष्टी अधू झालेल्या माणसानं गवती चहा, पानओवा, सब्जा, मोगरा अशी वासानं ओळखू येणारी झाडं ठरलेल्या क्रमानं लावली, तर त्याची बाग डोळसाच्या बागेपेक्षा नीटनेटकी राहते. अट एकच, घरातल्या कुणी झाडताना कुंड्या इकडच्या तिकडे करायच्या नाहीत.

आता वजन. बारा इंची मातीची कुंडी लाल मातीनं भरली आणि भिजली की पंचवीस किलोच्या घरात जाते. कंबरेचा आजार असलेल्यानं ती हलवणं सोडाच, ज्याच्या छातीत नुकताच स्टेंट बसवला आहे त्यानं तिला हातसुद्धा लावू नये. हीच रोपं आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती अशा मिश्रणात लावली तर ओली कुंडी चार-पाच किलोंत बसते. हलक्या मातीचा शोध मात्र आजाऱ्यांसाठी लागलेला नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून काडीकचऱ्यापासून कसदार माती बनवण्याचं शास्त्र शेतकऱ्यांपर्यंत नेलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून गच्चीवरची शेती रुजवली. रसवंतीवाल्यांकडून फुकट मिळणारा माल. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यातून फळं-भाज्यांची बाग उभी केली. या सगळ्यांचा हेतू स्लॅबवर भार कमी यावा आणि कचरा जिरावा हा होता. पाठदुखीवाल्यांचं भलं झालं ते ओघानं. हलक्या मिश्रणाला खोडही आहे. ते लवकर वाळतं, म्हणजे वजनात जे वाचलं ते पाण्याच्या फेऱ्यांत द्यावं लागतं.

आणि पाण्यालाही वजन आहेच. एक लिटर म्हणजे एक किलो. दहा छोट्या कुंड्यांना मे महिन्यात रोज पाचेक लिटर लागतं. ते एका बादलीत उचलण्याऐवजी लिटरभराच्या बाटल्यांतून नेलं, आणि त्या बाटल्या मोरीऐवजी गॅलरीतच भरून ठेवल्या, तर काम तेवढंच पण एका वेळचा भार पाचव्या हिश्शावर येतो. संध्याकाळी हात सुटे झाल्यावर सकाळचं पाणी घालता येतं. नळाच्या वेळेवर एवढाच तोडगा आहे. ज्यांच्या आजाराचा भरवसा नाही त्यांच्यासाठी वातीचा उपाय चांगला. जुन्या सुती साडीची जाड वात कुंडीच्या तळातून वर मातीत न्यायची आणि खालचं टोक झाकणाच्या डब्यातल्या पाण्यात सोडायचं. माती लागेल तसं पाणी ओढते, आणि तुम्ही तीन-चार दिवस अंथरुणाला खिळलात तरी झाड तगतं. इथे 'झाकणाच्या' हा शब्द महत्त्वाचा. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीतल्या चमचाभर पाण्यातही अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी येऊन बशा उलट्या करतात ते उगाच नाही. १८८८ च्या महापालिका अधिनियमाखाली डासांची पैदास सापडली तर दंडही होतो. आठवड्यातून एकदा बशी कोरडी करण्यासाठी वाकणं ज्याला जमत नाही, त्यानं बशी ठेवूच नये. कुंडी स्टुलावर ठेवून खाली जुनं फडकं टाकावं.

दुखणं कुठलं त्यावर बाकीचं ठरतं, आणि इथे एकच सल्ला सगळ्यांना देणाऱ्यांपासून सावध राहावं. गुडघे गेलेल्याला उंची हवी. बसल्या खुर्चीतून हात पोचेल अशी कुंडी, आणि मांडी घालून खुरपणी करण्याचा हट्ट सोडलेला बरा. बोटांच्या सांध्यांना जाड मूठ हवी. परदेशी 'सोपी पकड' असलेली अवजारं ऑनलाइन महाग मिळतात. एसी दुरुस्तीवाल्याकडे तांब्याच्या नळीवर चढवायचं काळं फोम असतं, त्याचा वीतभर तुकडा खुरप्याच्या दांड्यावर बसवला की काम भागतं. पक्षाघातानं एक हात गेलेल्यानं कुंडी घसरू नये म्हणून खाली ओलं रबरी पायपुसणं घालावं. कंपवात असलेल्यानं राईसारखं बारीक बी चिमटीनं पेरण्याच्या फंदात पडू नये. मेथी मुठीनं विखुरता येते, वाल-घेवड्याचा दाणा चाचपडत का होईना जागेवर पडतो. हृदय कमजोर असलेल्यासाठी व्यायामशास्त्राचा हिशेब कामाचा आहे. स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च एक धरला तर उभ्यानं पाणी घालण्याचा खर्च दीड, आणि खणण्याचा पाच. म्हणजे पाणी घालणारा माणूस तासभर रमू शकतो, पण तोच मोठी कुंडी उकरायला बसला की दहा मिनिटांत धाप लागते. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे त्या हातानं जड उचलू नये आणि गुलाब-बोगनवेलीच्या काट्यांत तो घालू नये. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढलेल्या बाईनं त्या हाताला ओरखडासुद्धा जपावा, हातमोज्याशिवाय माती नको.

एका गटाला मात्र स्पष्ट नको म्हणावं लागतं. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, किंवा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, तेव्हा कुंडीतली माती आणि खत यांतली बुरशी फुप्फुसात घर करू शकते. ऑस्ट्रेलियात कुंडीच्या तयार मातीतल्या एका जिवाणूमुळे न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी इतक्या आहेत की तिथे पिशवीवर इशारा छापतात. टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यानं डॉक्टर परवानगी देईपर्यंत माती दुसऱ्याकडे सोपवावी आणि पाण्यातल्या मनीप्लांटवर समाधान मानावं. त्याचंही पाणी दुसऱ्यानं बदलावं. यात स्वतंत्रपणा काही काळ बाजूला राहतो, पण इथे हट्टाचं मोल फार मोठं पडतं.

श्वासाच्या आजारांचा या भागाशी वेगळाच संबंध आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली. बिसिनोसिस नावाच्या त्या रोगाचा अभ्यास केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत यांनी केला. १९८२ च्या संपात पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीकडे झुकला आहे. गिरणी गेली, खोकला राहिला. अशा माणसानं सुकं शेणखत चाळणं, कोरडं कोकोपीट चुरडणं म्हणजे जुन्याच खात्यात पुन्हा कामाला जाणं. आधी पाणी शिंपडून ओलं करावं, तोंडाला मास्क लावावा, किंवा गोणी दुसऱ्याकडून ओलीच भरून घ्यावी. त्यात कबुतरांची भर. त्यांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांनी काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि पुढे ती फुप्फुसं कायमची आकसतात. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद केला तेव्हा आंदोलनं झाली, न्यायालयात वाद झाला, भूतदयेची भाषणं झाली. ज्यांच्या कुंडीत कबुतरानं अंडी घातली आणि ज्यांना ती कुंडी साफ करताना धाप लागते, त्यांची बाजू त्या गदारोळात क्वचितच ऐकू आली. दम्याच्या माणसाला बाग करायची असेल तर पहिला खर्च झाडावर करायचा नाही, जाळीवर करायचा.

पिकवलेलं खाण्यातही आजार डोकं काढतो, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं, म्हणून घरचा पालक आणि टोमॅटो 'सेंद्रिय' असले तरी त्याच्यासाठी बिनधोक नाहीत. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यानं पालेभाजी सोडायची गरज नसते, पण गॅलरीत मेथीचं पीक आलं म्हणून आठवडाभर तीच खायची, हे त्याला चालत नाही. आणि गुळवेल! कोविडच्या काळात ती घरोघरी ग्रिलवर चढली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काही असो, ज्याचं यकृत आधीच दुखावलं आहे त्यानं ग्रिलवरची वेल बघावी, काढा करून पिऊ नये.

घरच्यांबद्दल बोलायला हवं, कारण बाग मोडते ती पुष्कळदा प्रेमानं. 'आई, तू वाकू नकोस, मी घालतो पाणी' असं म्हणणारा मुलगा दोन आठवडे घालतो, मग ऑफिस आडवं येतं. झाडं वाळली की तोच म्हणतो, झेपत नाही तर कशाला लावायची? बाईमाणूस आजारी असेल तर हे जास्तच. स्वयंपाक तिच्या हातून सुटला तर घर अडतं, म्हणून ओट्यापाशी उभं राहायला कुणी मनाई करत नाही. झाडं सुटली तर कुणाचं अडत नाही, म्हणून विश्रांतीचा पहिला उपदेश तिथेच होतो. चाळीत याला उतारा होता. शेजारची काकू न सांगता तुमच्या तुळशीला तांब्या ओतायची, आणि पुढच्या महिन्यात तिचा पाय मुरगळला की तुम्ही तिच्या सदाफुलीला. ही देवघेव होती, उपकार नव्हता. त्यामुळे तुळस तुमचीच राहायची.

पण चाळीचं गुणगान एका मर्यादेपलीकडे मला जमत नाही. गिरगावच्या लाकडी गॅलऱ्यांत कुंड्यांच्या रांगा छान दिसतात, पण झिरपणाऱ्या पाण्यानं खालची लाकडं कुजतात. या बेटावरच्या एकोणीस हजारांहून जास्त उपकरप्राप्त इमारतींपैकी ज्या अजून उभ्या आहेत त्यांच्या सज्जांवर मातीचं वजन टाकताना दहादा विचार करावा. शिवाय गॅलरी सगळ्यांची. जायची वाट अरुंद, आणि कुबडी किंवा वॉकर घेऊन निघालेल्या दुसऱ्या आजाऱ्याला तुमचीच कुंडी आडवी. बीडीडी चाळींत तर गॅलरी नव्हतीच. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या इमारतींत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. लोकांनी खिडकीबाहेर लोखंडी जाळी काढून डब्यांत झाडं लावली. तिथे उंची आपोआप बरोबर आली: उभ्यानं किंवा पलंगावर बसून हात पोचतो, वाकावं लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी मुंबईनं काढलेली ही सगळ्यात चांगली बाग, आणि ती बहुतेक ठिकाणी बेकायदा.

वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीस मजली इमारतींत पाचशे चौरस फुटांची घरं मिळाली. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरची कामं त्याच वाटेनं चालली आहेत. लिफ्ट आली, घरात संडास आला. गुडघेदुखीच्या माणसासाठी रात्री-अपरात्री बोळातून जाणं टळलं, याच्यापुढे कुंडीचं दुःख सांगणं शोभत नाही. तरी जागेचा हिशेब सांगायलाच हवा. मुंबईत २०१२ पर्यंत बाल्कनी आणि खिडकीबाहेरचे फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात मोजले जात नव्हते. बिल्डरांनी ते भरमसाट दाखवले, विकले, आणि लोकांनी भिंत सरकवून खोलीत घेतले. २०१२ च्या दुरुस्तीनं ते सगळं मोजणीत आणलं, म्हणून मग नकाशावरून फुलांचा ओटाच गेला. पळवाट बुजली हे योग्यच झालं. पण फ्लॉवर बेडचा खरा उपयोग ज्यांना होता, म्हणजे घराबाहेर न पडणाऱ्यांना, त्यांना कुणी मोजलं नव्हतं. सोसायट्यांचे नियमही आले: कठड्यावर कुंडी नको, पाणी खालच्या मजल्यावर गळता कामा नये. पस्तिसाव्या मजल्यावरून कुंडी पडण्याची भीती खोटी नाही, त्यामुळे यावर तक्रार करायला जागा नाही. खिडकीच्या आत, ओट्याच्या उंचीची लाकडी फळी आणि तिच्यावर सहा इंची चार कुंड्या, हे टॉवरमधल्या आजाऱ्याचं क्षेत्रफळ. ऊन असेल तर मेथी, नसेल तर स्नेक प्लांट. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळत असताना गच्चीच्या शेवाळावर घसरून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हिंदमात्याला पाणी तुंबलं की तळमजल्यावरच्या, घुशींनी उकरलेल्या कुंड्या चार दिवस तशाच सोडाव्यात. पायाला जखम असलेल्या मधुमेह्यानं त्या पाण्यात उतरणं म्हणजे लेप्टोला बोलावणं.

उरते ती सामाईक जागा. पुनर्विकासाच्या इमारतींत पोडियमवर बाग दाखवलेली असते. लॉन, शोभेचे पाम, मुलांची घसरगुंडी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस केले, त्यात कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही आले; रॅम्प त्यामुळे बहुतेक ठिकाणी असतो. गुडघ्याची झीज, दमा, हृदयविकार त्या यादीत नाहीत, आणि खाली न बसता येणारे सगळ्यात जास्त लोक तर तेच. त्यांना लॉन बघायला मिळतं, त्यात हात घालता येत नाही. बाग माळ्याची, कंत्राट बाहेरचं. पोडियमच्या एका कडेला टेबलासारखा उंच वाफा लागतो: खाली चाकाच्या खुर्चीतले गुडघे शिरतील अशी सत्तर सेंटिमीटरची पोकळी, एका बाजूनंच हात पोचायचा असेल तर रुंदी साठ सेंटिमीटरच्या आत, आणि शेजारी पिळायचा नाही तर दाबायचा नळ. पुनर्विकासाचे नकाशे दाखवले जातात त्या सभांत लोक पार्किंग किती, देवळाची जागा कुठे, गणपतीचा मंडप बसेल का, हे विचारतात. तिथेच हा वाफा मागावा, आणि सोबत हेही विचारून घ्यावं की त्या नळाला पाणी किती वाजता असेल.